भाड्याने देणे आहे, खिळा मारायचा नाही

रंगकामाच्या धंद्यात त्याला खरं नाव कुणी कधी विचारलंच नाही. 'गुळगुळीत' म्हटलं की ठेकेदारापासून रंगाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना कळायचं, कोण ते. नाव पडलं ते कामावरून. भिंत रंगवून झाली की हा बाबा खोलीच्या खिडक्या लावून घ्यायचा, वायरला लोंबणारा दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरायचा आणि गाल भिंतीला टेकवून बघत सुटायचा. दिवा असा धरला की मोहरीएवढा उंचवटासुद्धा हातभर सावली टाकतो. सावली दिसली की घे सँडपेपर, आणि घास पुन्हा. बरोबरचे रंगारी हातपाय धुऊन चहाला पसार व्हायचे, ठेकेदार येरझाऱ्या घालायचा. एकदा एका घरमालकानं वैतागून सांगितलं, "अहो, इथे कपाट येणार आहे. मागची भिंत कुणाला दिसणारसुद्धा नाही!"

"कपाटाला दिसेल ना," हा म्हणाला आणि घासत राहिला.

असा माणूस. त्याच्या एका गालाला कायम पांढरी भुकटी लागलेली असायची. बायको म्हणायची, "लग्नात हळद लागली नसेल एवढी पुट्टी लागली या माणसाला."

पण शिडी काही कुणाची सगी नसते. वर्षानुवर्षं एका पायावर भार देऊन, दुसरा पाय पायरीत अडकवून, मान वर करून छतं रंगवली, त्याचं भाडं गुडघ्यानं एकदम मागितलं. सकाळी अंथरुणातून उठताना गुडघा दारासारखा करकरायचा. डॉक्टर म्हणाला, "शिडी सोडा." गुळगुळीत म्हणाला, "मी सोडतो हो, पण पोट कुठे सोडतंय?" डॉक्टर हसला, गोळ्या लिहून दिल्या. हा मात्र घरी येईपर्यंत हसला नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि दोन लहान घरं त्यानं भाड्यानं दिलेली होती. त्या जोरावर तो जगाला सल्ले द्यायचा. वैताग असा की सल्ले बरोबर असायचे.

"दाजी, जमवलेलं आहे ते गादीखाली ठेवू नका. एक लहान घर घ्या आणि भाड्यानं द्या. भाड्यातून बँकेचा हप्ता जाईल, चार पैसे उरतील. तुम्ही शिडीवरून खाली."

"आणि कसं घ्यायचं घर?"

मेहुण्यानं झेरॉक्स मशीनचं झाकण आपटलं. त्याला हेच हवं होतं. "भाडेकरूच्या डोळ्यांनी घ्यायचं. आपली आवडनिवड घरी ठेवून जायचं. बसथांबा चालत जाण्याइतका जवळ पाहिजे. आसपास हॉस्पिटल, कॉलेज, कारखाना असं काहीतरी पाहिजे, म्हणजे एक भाडेकरू गेला की दुसरा दारात. मोठं घर घेऊ नका, मोठ्या घराला भाडेकरू शोधत हिंडावं लागतं. बघायला गेलात की नळ सोडा, मोरीत बादलीभर पाणी ओता, कुठून निघतं ते बघा. खालच्या मजल्यावरच्या बाईशी गप्पा मारा, ती सगळं सांगते. पाऊस पडून गेला की परत एकदा जाऊन छताचे कोपरे बघा. आणि भाडं वर्षभर येणारच असं धरून चालू नका. घर मधे रिकामं पडतं, पाण्याची मोटार जळते, सोसायटी वर्गणी काढते. तेवढं आधीच बाजूला काढून मग हप्ता झेपतो का बघायचं."

"बरं."

"आणि करार कागदावर. माझा पहिला भाडेकरू आठवतो ना? देवमाणूस! हसरा, नमस्कार करणारा. म्हटलं, कागद कशाला? त्यानं हॉलमध्ये मोटरसायकल उघडली, दाजी. पूर्ण. इंजिन टीपॉयवर! फरशीवरचं तेल अजून निघालेलं नाही. विचारलं तर म्हणाला, मोटरसायकल उघडायची नाही असं तुम्ही कुठे बोलला होता? आता सांगा, घर देताना हे कुणाच्या डोक्यात येतं?"

गुळगुळीतनं सगळ्याला मान डोलावली. कान मेहुण्याकडे होते, पण डोळे दुकानाच्या भिंतीवर. तिथे कुणीतरी पॅच मारला होता आणि त्याचा रंग जुळला नव्हता.

घरं दाखवायला एक एजंटबाई होती. स्कूटरवर यायची, हेल्मेट काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायची. ती किचन दाखवायला गेली की हा हॉलमध्येच. बोटाच्या पेरानं भिंत वाजवायचा, कलिंगड वाजवतात तशी, आणि कान लावून ऐकायचा. कुठे पोकळ वाजली की बाहेर. एजंटबाई एकटीच किचनमध्ये नळाचं कौतुक करत उभी.

शेवटी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याला हवं ते मिळालं. हॉस्पिटल समोरच्या रस्त्याला, बसथांबा कोपऱ्यावर, घर लहान. मेहुण्याच्या सगळ्या अटी योगायोगानं बसत होत्या. गुळगुळीतनं मात्र घर घेतलं ते हॉलच्या लांब भिंतीसाठी. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळंब्यात सरळ, एक पोकळ आवाज नाही, आणि खिडकीतला उजेड तिच्यावरून असा सरकत जायचा की बघत राहावं. वॉशिंग मशीनचं पाणी बाहेर सोडायची सोय त्या घरात नव्हती. ते त्यानं बघितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात तेवढंच सांगितलं होतं, "आधीचे लोक मशीनचं पाणी बादलीनं काढायचे हो!" हा तेव्हा जिन्याच्या भिंतीवरून बोट फिरवत होता.

मग रंग. आता इथे कपाळावर हात मारून घ्यावा असं घडलं. आयुष्यभर या माणसानं घरमालकांना एकच सांगितलं होतं, "भाड्याचं घर आहे ना? मग साधा, पुसता येईल असा रंग मारा. भाडेकरू बदलला की एक हात फिरवायचा. भाड्याच्या घरात कलाकुसर करायची नाही." हे तो इतक्या वेळा बोलला होता की बरोबरचे रंगारी त्याची नक्कल करायचे. आणि स्वतःच्या घरात काय केलं? सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथे घालवून जुना रंग पार खरवडला, पुट्टीवर पुट्टी, घासणीवर घासणी. रंग डब्यातला नाहीच. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, थेंबभर तांबूस, आणखी काय काय, सगळं डोळ्यानं. कुठे लिहिलेलं नाही, परत जमायचं नाही. शेवटचा हात बारीक ब्रशनं, आणि वाळल्यावर मऊ फडक्यानं चोळून. भिंतीला लोण्यासारखी झाक आली. ओलं बोट लावलं तरी डाग पडेल, अशी.

बायको लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. दिवसभर उभी. संध्याकाळी घर बघायला आली, हॉलमध्ये उभी राहिली. तिलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"छान झालंय हो. पडदे कुठे लावायचे?"

"पडदे कशाला?"

"समोरच्या इमारतीतले लोक जेवताना आपल्या ताटात काय आहे ते मोजतील, म्हणून!"

"पडद्याला दांडी लागते. दांडीला भोकं पाडावी लागतात."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

रंगारी माणसाच्या पोटातलं दुःख हे असतं बघा. भाडेकरू निघून गेला की मालक कुणाला बोलावतो? रंगाऱ्याला. गुळगुळीतनं जन्मभर दुसऱ्यांच्या भाडेकरूंची भोकं बुजवली होती. खिळ्याचं भोक किती, कॅलेंडरचं किती, खिळा न घुसल्यानं रागानं हाणलेलं भोक किती, हे तो बोट घालून सांगायचा. आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की जुळवून मारलेला रंगसुद्धा आडव्या दिव्यात उघडा पडतो. म्हणून त्यानं एजंटबाईला एकच अट घातली, "खिळा मारायचा नाही."

"भाडं वाढवा म्हणणार नाही, डिपॉझिट जास्त मागणार नाही, फक्त खिळा?" तिला वाटलं, किती सज्जन माणूस!

पहिलं जोडपं आलं ते लहान पोरीला घेऊन. पोरीच्या हातात खडू होता. गुळगुळीतनं खडू बघितला आणि किल्ली परत खिशात टाकली. मग एक संगीत शिकवणारे आले. त्यांना वाद्यं भिंतीवर टांगायची होती. ते अजून बोलतच होते, याचं दार उघडून धरून झालेलं. मग एक बाई आल्या, नीटनेटक्या, नोकरीवाल्या, भाडं आगाऊ द्यायला तयार.

"फक्त तेवढा टीव्ही या भिंतीवर घेईन," त्या म्हणाल्या आणि नेमका त्या लांब भिंतीच्या मधोमध पंजा टेकवला.

"टेबलावर ठेवा की."

"टेबल कुठे ठेवू? आणि बेसिनवर आरसासुद्धा नाहीये हो. मी केस कुठे विंचरू?"

"खिडकीच्या काचेत दिसतं चांगलं."

बाई जिना उतरून गेल्या. एजंटबाईनं हेल्मेट डोक्यावर आपटून बसवलं. "काका, तुम्हाला भाडेकरू नकोय. तुम्हाला खुर्चीत बसून भिंत बघणारा पाहुणा हवाय. असा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी लग्न करीन, तुम्हाला देणार नाही!"

इकडे हप्ता काही घराच्या रंगाकडे बघत थांबत नव्हता. महिना भरला की कापला. सोसायटीची वर्गणी वेगळी. लोक एकदा बघून जातात, बाहेर जाऊन बोलतात, आणि घराची अशी हवा होते की तिथे काहीतरी भानगड आहे. बंद घराच्या नळाला गंज चढला. गुळगुळीत रोज शिडी चढत होता, करकरत होता, आणि त्याच शिडीवरून मनात हिशेब करत होता की भाडं आलं असतं तर आज आपण खाली असतो. मग राग यायचा. कुणाचा, ते कळत नसे. ब्रश डब्यात जोरात बुडवायचा.

मेहुणा घरी आला की आगीत तेल.

"दाजी, घर अजून तसंच?"

"बघतोय मी."

"बघताय, तेच तर! ताई म्हणते, रविवारी जाऊन बघत बसता. रिकामं घर म्हणजे काय वाटलं तुम्हाला, रोज खाणारं जनावर आहे ते. थोडं भाडं कमी करा, पण माणूस आत घाला."

"तू तुझं तेल पूस आधी फरशीवरचं."

शेवटी एक सापडला. एकटा जीव, हिशेबनीस, चष्म्यातून जमिनीकडे बघून बोलणारा. अट ऐकून म्हणाला, "माझ्याकडे टांगण्यासारखं काहीच नाही." गुळगुळीतचा जीव भांड्यात पडला. कागद झाला, किल्ली दिली, भाडं आलं, वेळेवर आलं. यानं ठेकेदाराला सांगूनसुद्धा टाकलं की आता थोडे दिवस, मग शिडी बंद.

पण स्वस्थ बसवेल तर तो गुळगुळीत कसला! रविवार आला की हा दारात. हातात दिवा आणि गुंडाळलेली वायर.

"सहज आलो होतो."

हिशेबनीस बिचारा अंघोळ करून टॉवेलवर उभा. "या ना."

हा प्लग शोधणार, दिवा लावणार, भिंतीला गाल टेकवणार. हिशेबनिसानं चहा करायचा, आणि आपल्याच घरात उभं राहून परक्या माणसानं भिंतीला गाल लावलेला बघायचा. पुढच्या रविवारी तेच. मग एकदा याला बाथरूमजवळ सापडला तो हुक, मागे चिकटपट्टी असलेला. त्यावर टॉवेल लटकलेला.

"हे काय?"

"खिळा नाहीये तो," हिशेबनीस म्हणाला. "चिकटवलाय फक्त. करारात खिळाच लिहिलंय."

गुळगुळीतनं हुक बोटानं हळूच ओढला. हुकाबरोबर रंग आला, रंगाबरोबर पुट्टी आली, तळहाताएवढी. दोघंही त्या पोपड्याकडे बघत राहिले. टॉवेल खाली पडला तो कुणी उचलला नाही.

महिनाअखेर हिशेबनिसानं किल्ली एजंटबाईकडे ठेवली. म्हणाला, "घर छान आहे. पण पडदा नाही म्हणून समोरची बाई मला रोज विचारते की आज भाजी कसली, आणि रविवार आला की मी पहाटेच अंघोळ उरकून दाराकडे बघत बसतो."

एजंटबाईनं ते गुळगुळीतला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाली, "काका, घर भाड्यानं दिलं की ते त्या माणसाचं झालं. बोलावल्याशिवाय जायचं नसतं. आणि बोलावलं की लगेच जायचं असतं. तुम्ही नेमकं उलटं करता."

मग ते शाळेचं काम आलं. मोठा हॉल, उंच छत. गुळगुळीत वरच्या पायरीवर होता आणि गुडघा अडकला. दुखला नाही, नुसता अडकला, कडी लागल्यासारखा. ना वर, ना खाली. हा छताकडे बघत ब्रश धरून तसाच. खालचे म्हणाले, "उस्ताद, झालं का घासून?" कुणाला वाटलं, हा नेहमीसारखा कुठला उंचवटा बघतोय! शेवटी त्यानंच हाक मारली तेव्हा कळलं. दोघांनी वर चढून त्याला कमरेत धरला आणि उतरवला, अख्खाच्या अख्खा, कपाट उतरवतात तसा. "जरा तिरका करा, हां, पाय सांभाळा, आला आला." खाली टेकवल्यावर सगळे हसले, तो सोडून. ठेकेदारानं खांद्यावर हात ठेवला. "आता वरचं काम नको. खालचं असलं की बोलावतो." खालचं काम पोरंसोरं करतात, हे दोघांनाही माहीत होतं.

आता भाडं आलं नाही तर हप्ता बायकोच्या इस्त्रीतून. एवढं सरळ होतं.

एजंटबाईनं तशात एक नर्स आणली. समोरच्याच हॉस्पिटलमधली, ड्यूटी संपवून आलेली, पायांना सूज. बरोबर राहायला म्हातारे वडील येणार. तिनं घर बघितलं, खिडकीतून हॉस्पिटलचं दार दिसतं ते बघितलं आणि पर्समधून पेन काढलं.

"काका, मला आवडलं. वडील एकटे असले तरी मी धावत येऊ शकते. फक्त पडदे लागतील, मशीनचं पाणी जायला भिंतीला भोक लागेल आणि संडासात धरायला दांडी. ते पडतात हो."

कुणीही एक वाक्यात हो म्हटलं असतं. गुळगुळीतच्या तोंडातून निघालं, "उद्या सांगतो."

एजंटबाईनं सरळ लाँड्रीत त्याच्या बायकोला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "चला, मला घर बघायचंय." पिशवी खांद्याला. जिन्यात हा एकेक पायरी मोजून चढत होता, ती पुढे. दार उघडलं. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि पिशवीतून हातोडी काढली. लाँड्रीच्या मालकाची, जड.

"अगं, हे काय?"

"समजा, मी भाडेकरू आहे. दिवसभर उभी राहून आलेय. पिशवी अडकवायला जागा नाही." तिनं भलामोठा खिळा त्या लांब भिंतीवर धरला, बरोबर मध्यावर.

"थांब! थांब, तिथे नको. अगं, कुठेही, पण तिथे..."

धाड! बशीएवढी पुट्टी सुटली आणि फरशीवर आदळली. गुळगुळीतच्या तोंडून असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडल्याचं ऐकू आलं. धाड! खिळा वाकला. तिनं तो वाकडाच हाणला.

"असा मारतात का खिळा!" तो ओरडला. "आधी बारीक भोक पाडायचं, मग त्यात लाकडाचा गट्टू बसवायचा! इस्त्री आहे का ती, दाबत सुटायला?"

"मग मारा ना तुम्ही!" तिनं हातोडी त्याच्या हातात कोंबली. "मला काय हौस आहे? त्या दिवशी तुम्हाला कपाटासारखं खाली उतरवलं, हे मला लाँड्रीत गिऱ्हाइकाकडून कळतं. घरी येऊन तुम्ही म्हणता, जरा पाय मुरगळला. मी ही भिंत सांभाळू, की तुम्हाला?"

तो भिंतीपाशी गेला. सवयीनं पोपडे उचलून खिशात भरायला लागला, जसे काही परत बसवायचे आहेत. दिवा आणला नव्हता तरी त्याला त्या भोकाची सावली दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायको फरशीवर बसून राहिली, पदरानं वारा घेत.

खिसा भरला तेव्हा तो म्हणाला, "त्या नर्सला फोन कर. तिला म्हणावं, भोकं तिनं पाडायची नाहीत. माणसं आणून तर अजिबात नाहीत. मी पाडीन."

मेहुण्याकडून ड्रिल आली, मेहुणाही आला, कारण तमाशा बघायचा होता. पण गुळगुळीतला स्टुलावर चढू देईल कोण? बायको चढली, ड्रिल धरून. गुळगुळीत खाली उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला सांगत होता.

"डावीकडे. अगं, डावीकडे म्हणजे तुझं डावं!"

"माझं डावं कुठलं ते मला माहितीये."

"मग तिकडे कशाला चाललीस?"

"दाजी," मेहुणा म्हणाला, "पाणी कुठून निघतं ते घर बघतानाच बघायचं असतं, असं मी..."

"तू कचरा भर."

संध्याकाळपर्यंत पडद्याच्या दांड्या, आरसा, मशीनचा पाइप, संडासातली दांडी, सगळं बसलं. त्या बशीएवढ्या खड्ड्यावर त्यानं पुट्टी भरली आणि रंग जुळवायचा प्रयत्न केला. जुळला नाही. माहीतच होतं.

नर्स राहायला आली. भाडं आलं. पुढच्या महिन्यात परत आलं. हप्ता गेला, वर्गणी गेली, मेहुण्याच्या सांगण्याप्रमाणे थोडं मोटारीसाठी बाजूला पडलं. गुळगुळीतनं शिडी एका होतकरू रंगाऱ्याला विकून टाकली. रविवारी तो अंगणातल्या खुर्चीत बसायचा आणि बुटात पाय घालायला लागला की बायको म्हणायची, "बोलावलंय?" तो बूट काढायचा. तिकडे आत काय काय टांगलं असेल, या विचारानं त्याचं जेवणावर लक्ष नसायचं. शिडी सुटली, पण सुख काही लागलं नाही.

मग एकदा खरंच बोलावणं आलं. नळ गळतोय. हा पाना घेऊन तडक गेला. दार म्हाताऱ्यानं उघडलं.

गुळगुळीतनं भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर गेलीच. पॅचवर घड्याळ टांगलं होतं, ते वाकडं. ते एक वेळ सोसलं असतं. पण लांब भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मळकट पट्टा गेला होता. तेलकट, करडा, वीतभर रुंद. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढा पट्टा कुणी मुद्दाम ओढायचा म्हटला तरी जमायचा नाही!

तेवढ्यात म्हातारा खिडकीकडे निघाला. तळहात भिंतीला टेकवून, एक पाऊल, मग हात पुढे, मग दुसरं पाऊल. पट्ट्यावरून हात सरकत चालला. मधेच तो सटकला, म्हातारा झोकांडला, आणि गुळगुळीतनं पाना टाकून त्याला दंडाला धरला.

"तुमची भिंत चांगली आहे हो," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "पण फार गुळगुळीत. हात ठरतच नाही."

गुळगुळीतच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं नळ बसवला, आणि चहा न घेताच निघाला.

दोन दिवसांनी तो परत आला. खांद्यावर जिन्याच्या कठड्याला असतो तसा लाकडी दांडा, मागून बायको, तिच्या हातात ड्रिल. त्यानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "पाड." ती पाडत गेली, तो सांगत गेला, आणि त्या लांब भिंतीवर ओळीनं भोकं पडत गेली. लोण्याच्या रंगाची बारीक भुकटी खाली साचली. त्यानं दांडा बसवला, स्क्रू आवळले, हलवून बघितला. सँडपेपरनं घासला तो मात्र नेहमीपेक्षा कमी, जरा खरबरीत ठेवला.

"बघा चालून," तो म्हातार्‍याला म्हणाला.

म्हातारा दांडा धरून खिडकीपर्यंत गेला, बाहेर हॉस्पिटलच्या दाराकडे बघितलं, आणि तसाच धरून परत आला. एकदाही झोकांडला नाही. नर्स दारात उभी राहून बघत होती. बायकोनं ड्रिल खाली ठेवली.

"कसा वाटतो?" गुळगुळीतनं विचारलं.

म्हाताऱ्यानं कमरेला हात लावून विचार केला.

"चांगलाय," तो म्हणाला. "थोडा वर पाहिजे होता."

गुळगुळीतनं दांड्याकडे बघितलं, दांड्यामागच्या भोकांकडे बघितलं, मग बायकोकडे. ती तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"किती वर?" तो दात आवळून म्हणाला आणि कानामागची पेन्सिल काढली.